पलीकडच्या तीराचे देणे

वैशाखाच्या अखेरीस मिरजेच्या कृष्णाघाटावर जाऊन उभे राहावे. डोक्यावर ऊन रणरणत असते, काठच्या मळ्यांतून उसाची पाने सळसळत असतात आणि नदीत पाणी असते. या पाण्याचे आपणांस आता नवलही वाटेनासे झाले आहे. वस्तुतः सह्याद्रीवरचा पाऊस ओसरून त्या वेळी सात महिने लोटलेले असतात. नदीच्या स्वतःच्या ओघावर भिस्त ठेवावी, तर घाटाच्या शेवटच्या पायरीखाली डोहांची एक तुटकी माळ तेवढी उरायची. तरीही प्रवाह वाहतो, कारण दूर पाटण तालुक्यात कोयना धरणाच्या पायथ्याशी कोणी तरी झडपा उघडलेल्या असतात. ते पाणी कऱ्हाडास प्रीतिसंगमावर कृष्णेत उतरते, सांगलीस आयर्विन पुलाखालून जाते, हरिपुरास वारणेला सोबत घेते आणि मग आपल्या दारी येते. पुढे म्हैसाळच्या पंपांनी ते वर चढते आणि जत, कवठे महांकाळच्या तहानलेल्या रानांत पोचते. 2016 च्या एप्रिलात लातूर शहराचे घसे कोरडे पडले, तेव्हा याच नदीचे पाणी मिरज स्थानकात वाघिणींत भरून तिकडे रवाना झाले. पहिल्या गाडीत 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत मिरजकरांची छाती अभिमानाने फुगली होती, आणि ती फुगावी असेच ते काम होते.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे की, ज्या जलाशयातून हे पाणी आपल्याकडे येते, त्याच्या पलीकडच्या काठावरील माणसांना त्याच पाण्याने जगापासून तोडून ठेवले आहे. आपण समुद्रापासून दूरचे लोक. बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घारापुरी येते, जंजिरा येतो, फार तर गोव्यातील दिवाडी येते. परंतु आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, जावळी आणि महाबळेश्वर या तालुक्यांत, शिवसागराच्या पश्चिम अंगास अशी गावे व वाड्या आहेत की ज्यांना नकाशा बेटे म्हणत नसला तरी व्यवहार तसेच म्हणेल. एका अंगास पाणी, दुसऱ्या अंगास सह्याद्रीची भिंत आणि मध्ये कोयना अभयारण्याचे दाट रान. दवाखाना पाण्यापलीकडे, बाजार पाण्यापलीकडे, तलाठ्याचा सहीशिक्काही पाण्यापलीकडे.

ही बेटे निसर्गाने घडवलेली नाहीत. ती आपण घडवली. कोयना प्रकल्पाचे काम 1950 च्या दशकात सुरू झाले आणि 1964 साली धरण पुरे झाले. हेळवाकापासून वर तापोळ्यापर्यंत सुमारे 50 किलोमीटर लांबीचे खोरे पाण्याखाली गेले. सुमारे शंभर गावांना त्याची झळ पोचली. कोणी ठाणे-कुलाब्याकडे नेऊन वसवले गेले, कोणी सोलापूर-सांगलीकडे आले आणि कोणी कोठेच न जाता आपल्याच शिवाराच्या वरच्या उतारावर सरकून राहिले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो 1976 साली, म्हणजे धरण पुरे झाल्यावर बारा वर्षांनी. आधी पाणी आले आणि न्याय मागाहून आला. तोही सर्वांपर्यंत पोचला असे कोणी म्हणणार नाही.

येथे भूगोलाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिच्यावाचून या माणसांच्या अडचणीचे खरे स्वरूप कळत नाही. डोंगरी मुलखात रस्ते नदीच्या अंगाने जातात. खोऱ्याचा तळ हीच गावांना गावांशी जोडणारी वाट असते. तेथेच सपाट जमीन, तेथेच बाजाराचे ठिकाण, तेथेच उन्हाळ्यात पायउतार. धरणाने नेमका तो तळ बुडवला. ज्या दोन वाड्यांमध्ये पूर्वी नदीचे पात्र ओलांडण्याइतकेच अंतर होते, त्यांच्यामध्ये आता खोल, रुंद आणि वाऱ्याने खवळणारे पाणी आले. कांदाटी खोऱ्यातील गावे महाबळेश्वर तालुक्यात मोडतात; पण तेथून गाडीरस्त्याची जी जवळची वाट आहे, ती रघुवीर घाटाने उलट दिशेला, रत्नागिरी जिल्ह्यातील खेडला उतरते आणि पावसाळ्यात दरडी कोसळल्या की तीही बंद पडते. आपल्याच तालुक्याच्या गावाला जायचे, तर या लोकांना पाण्यावाचून सोयीची वाट नाही.

जानेवारी 2022 मध्ये या मुलखाकडे सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष क्षणभर वळले होते. जावळी तालुक्यातील खिरखंडी या वाडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि पलीकडच्या काठावरून काही किलोमीटर रानातून चालत शाळेत जातात, असे वृत्त प्रसिद्ध झाले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची आपण होऊन दखल घेतली व मुलींच्या जिद्दीची वाखाणणी करून सरकारला जाब विचारला. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली. वाचकांनी त्या मुलींच्या धैर्याचे कौतुक केले. आम्हांसही ते कौतुक वाटले; पण त्याबरोबर लाजही वाटली, आणि ती अद्याप गेलेली नाही. शाळकरी मुलीच्या हातात वही असावी. तिने वल्हे घेतले ते हौसेने नव्हे. तिला पलीकडे नेण्याचे काम ज्या मोठ्या माणसांचे होते, ती मोठी माणसे जागेवर नव्हती म्हणून घेतले. धैर्याचा गौरव करून मोकळे होणे ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. गौरवाला खर्च येत नाही, लाँचीला येतो.

लाँच मुळीच नाही, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. सातारा जिल्हा परिषद या जलाशयात लाँची आणि वाहने नेणारे तराफे चालवीत आली आहे. जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, जिला रस्ते, शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा यांचे ओझे आधीच पेलवत नाही, हे वेगळेच काम इतकी वर्षे अंगावर वागवले, याबद्दल तिला धन्यवाद दिले पाहिजेत. परंतु हे काम म्हणजे काय, याची कल्पना काठावरून येत नाही. लाँचीला इंजीन असते आणि इंजिनाला डिझेल लागते. ते डोंगरी रस्त्याने आणावे लागते. इंजीन बिघडले तर कारागीर बाहेरून येईपर्यंत फेरी बंद. लाकडी तळ सतत पाण्यात असल्याने त्याची दरसाल डागडुजी करावी लागते. चालक हवा, खलाशी हवा आणि त्यांना बारमाही पगार हवा. कारण उतारू चार असोत की चाळीस, लाँच सुटायची ती सुटलीच पाहिजे. पावसाळ्यात येथे जो पाऊस पडतो त्याची कल्पना मिरजेच्या माणसाला येणे कठीण. धुके असे की दहा हातांवरचा काठ दिसू नये, आणि वारा असा की पाण्यावर समुद्रासारख्या लाटा उठाव्यात. अशा दिवशी चालकाने फेरी रद्द केली तर त्याला दोष देता येत नाही, आणि त्याच दिवशी पलीकडे एखादी बाळंतीण अडलेली असेल तर रद्द फेरीची किंमत काय होते, हेही सांगावयास नको.

याहूनही अवघड प्रश्न आहे तो धक्क्याचा. समुद्राला भरती-ओहोटी असते, पण ती काही फुटांची आणि घड्याळाबरहुकूम. शिवसागराची ओहोटी वर्षातून एकदाच येते आणि महिनोन्‌महिने उतरत राहते. दिवाळीच्या सुमारास तुडुंब असलेला जलाशय वैशाखापर्यंत अनेक मीटर खाली गेलेला असतो. वीज पश्चिमेला आणि पाणी पूर्वेला देता देता त्याचे पोट खपाटीला जाते. मग बांधलेला धक्का कोरड्यावर राहतो. लाँच जेथे टेकते तेथून गावापर्यंत चिखलाचा आणि भेगाळलेल्या गाळाचा उतार पसरतो. म्हातारी माणसे, डोक्यावर धान्याची पाटी घेतलेल्या बाया, झोळीत घालून आणलेला आजारी माणूस, या सर्वांना तो उतार चढावा लागतो. आपल्या घाटावर वैशाखात पाणी वाढते आणि त्याच वेळी तेथे चिखलाचा पट्टा रुंदावतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. आणि आमच्या मते तो नुसत्या जलशास्त्राचा नाही.

आता हिशेबाकडे वळू. अशी सेवा तोट्यात चालते, असे सांगितले जाते. ते खरेच असणार. विरळ वस्ती, लांब फेऱ्या आणि गरीब उतारू यांच्या जोरावर जगात कोठेही नौकासेवा नफ्यात चाललेली नाही. पण तोटा हा शब्द येथे कोणत्या अर्थाने वापरला जातो? मिरज-सांगली रस्ता नफ्यात चालतो काय? आयर्विन पुलाने 1929 पासून आजवर किती मिळवले, असा प्रश्न कोणा सांगलीकराने कधी विचारल्याचे ऐकिवात नाही. पूल झाला तेव्हा सांगली आणि सांगलवाडी यांच्यामधली नाव बंद झाली, हजारो लोकांचे वेळ व प्राण वाचले, आणि ती गोष्ट पुण्यखात्यावर जमा झाली. नफ्या-तोट्याच्या वहीत तिला कोणी ओढले नाही. दगडाचा रस्ता सरकारने बांधावा, दरसाल त्यावर डांबर ओतावे आणि तो सर्वांना फुकट वापरू द्यावा, हे आपण गृहीत धरतो. तोच रस्ता पाण्याचा असला की आपण लगेच वाण्याची वही उघडतो आणि डोईमागे किती पडले ते पाहतो.

आपल्या जुन्या गावगाड्याला हे अधिक चांगले समजले होते. नदीकाठच्या गावांत नावाडी होता. तो गावाला वर्षभर पलीकडे पोचवी आणि सुगीला खळ्यावरून आपला धान्याचा वाटा नेई. प्रत्येक खेपेला पैसा मोजण्याची गरज नसे; ज्याला रोज नदी ओलांडावी लागे त्याच्यावर भार पडत नसे आणि ज्याला वर्षात एकदाच जावे लागे तोही आपला वाटा देई. नाव ही सगळ्या गावाची, हा त्यामागचा विचार. इंग्रजी अमलात 1868 साली मुंबई इलाख्यासाठी तरींचा कायदा झाला आणि सार्वजनिक तरीचे उत्पन्न लिलावाने मक्त्यास देण्याची वाट खुली झाली. मक्तेदार पैसे भरणार आणि ते उतारूंकडून वसूल करणार, हा सरळ व्यवहार होता. परंतु त्याबरोबर तर म्हणजे सरकारला उत्पन्न देणारी बाब, ही समजूत आपल्या कचेऱ्यांत रुजली. गावगाड्यात इतर अनेक अन्याय होते आणि त्याचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. तथापि नावेचा खर्च नावेत बसणाऱ्याने एकट्याने सोसावा, हा विचार त्यात नव्हता, एवढे खरे.

दूर कशाला, गोव्यात पाहा. मांडवीतील दिवाडी आणि चोडण ही बेटे पणजीपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी चालतात आणि पायी जाणाऱ्या माणसाला त्यांत वर्षानुवर्षे तिकीट पडलेले नाही. 2023 मध्ये दुचाकींना भाडे लावण्याचा विचार निघाला, तेव्हा बेटांवरील लोकांनी विरोध केला आणि सरकारला तो बाजूला ठेवावा लागला. त्या खात्याला खर्च होत नाही असे नाही. पण बेटावरच्या माणसाला पणजीला कामावर जाण्यासाठी दंड भरावा लागू नये, हे तत्त्व तेथे मुरलेले आहे.

युरोपात स्कॉटलंडच्या पश्चिमेस लहान लहान बेटांची रांग आहे. तेथील सरकारने 2008 साली काही मार्गांवर एक प्रयोग केला: तेवढेच अंतर रस्त्याने मोटारीतून कापण्यास जो खर्च येईल, त्याच्या बेताने बोटीचे भाडे ठरवायचे. 2015 पर्यंत ही पद्धत सर्व मार्गांवर लागू झाली. भाडी उतरली, वाहतूक वाढली, लोक खूश झाले. पण पुढची हकीकत अधिक बोधक आहे. उन्हाळ्यात पर्यटकांची एवढी झुंबड उडू लागली की बेटावरच्याच माणसाला आपल्या बोटीत जागा मिळेना. शिवाय भाडे कमी केले तरी नव्या बोटी वेळेवर आल्या नाहीत. ‘ग्लेन सॅनॉक्स’ नावाच्या जहाजाचे कंत्राट 2015 साली दिले गेले. ते प्रत्यक्ष सेवेत आले 2025 च्या जानेवारीत. मधली दहा वर्षे जुनी जहाजे बिघडत राहिली आणि बेटांवर दुधाची व औषधांची कुचंबणा होत राहिली. तिकीट स्वस्त केले आणि नाव जुनीच ठेवली, तर बेटकऱ्याच्या पदरात काय पडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. श्रीमंत देशाची ही गत, तर आपण किती सावध असले पाहिजे!

पर्यटकांच्या झुंबडीचा धडा आपल्याला लागू पडत नाही, असे कोणास वाटत असेल तर त्याने सुटीच्या दिवशी बामणोलीच्या धक्क्यावर जाऊन यावे. वासोट्याला निघालेली तरुण मंडळी, तापोळ्याच्या पाण्याला काश्मीरची उपमा देत छायाचित्रे काढणारी कुटुंबे, बोट क्लबांच्या होड्या, जाकिटांचे ढीग, भाड्याची घासाघीस. या गर्दीचे आम्हांस वावडे नाही. तिच्यामुळे पलीकडच्या व अलीकडच्या गावांतील पोरांना चार पैसे मिळतात. काहींना त्यासाठी मुंबईची वाट धरावी लागत नाही. पण त्याच धक्क्यावर कोपऱ्यात एखादी म्हातारी पिशवी पायांशी ठेवून नेमाच्या लाँचीची वाट पाहत बसलेली असते. सहलीच्या होडीचे भाडे तिच्या आवाक्यातले नाही आणि नेमाची लाँच आज आहे की नाही, हे तिला धक्क्यावर आल्यावर कळते. आमचे म्हणणे एवढेच की सहलीची होडी आणि नेमाची लाँच या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे नियमातच लिहिलेले असावे. पर्यटकाकडून भरपूर भाडे घ्यावे, त्यातला ठरीव हिस्सा नेमाच्या लाँचीच्या खात्यावर जमा व्हावा आणि रहिवाशाला जागा आधी मिळावी. एस. टी. च्या गाडीत 2022 पासून 75 वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत झाला, 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. पाण्यावरून जाणारी म्हातारी ही रस्त्यावरून जाणाऱ्या म्हातारीहून कमी वृद्ध नसते. तिच्या तिकिटालाही तोच नियम असला पाहिजे.

भाड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न इंधनाचा. कोयनेच्या वीजगृहांची एकूण शक्ती 1,960 मेगावॅट. ज्या पाण्याने एवढी वीज निर्माण होते, त्या पाण्यावर आपण डिझेलचा धूर सोडत लाँची हाकतो आणि तळाशी साचलेले वंगणमिश्रित पाणी त्यातच उपसून टाकतो. हे पिण्याचे पाणी आहे. पुढे आपणच ते पितो. केरळात वैकम ते तवणक्कडव या मार्गावर जानेवारी 2017 पासून राज्य जलवाहतूक खात्याची ‘आदित्य’ ही सौरशक्तीवर चालणारी नौका उतारू ने-आण करीत आली आहे. 75 उतारूंची ही नौका कोचीच्या कारखान्यात घडली. छपरावर सूर्यपट, तळाशी विजेऱ्यांचा संच, धूर नाही, आवाज नाही आणि डिझेलच्या खर्चात मोठी बचत. 2023 मध्ये कोचीने तर विजेवरच्या नौकांचे आख्खे जाळे सुरू केले. म्हणजे ही काही स्वप्नातली यंत्रे नाहीत. आपल्याच देशात बनतात आणि आपल्यासारख्याच नोकरी करणाऱ्या माणसांना पलीकडे पोचवतात.

परंतु केरळची नौका जशीच्या तशी उचलून शिवसागरात आणून सोडावी, असेही आम्ही सुचवीत नाही. एक तर जावळीत जून ते सप्टेंबर सूर्याचे दर्शन दुर्मिळ. त्या चार महिन्यांत छपरावरचे सूर्यपट बहुतांशी शोभेचे; नौकेची भिस्त तारेतून येणाऱ्या विजेवरच राहणार, आणि डोंगरी मुलखातील तार पहिल्या वादळात तुटते हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा एखादी डिझेलची लाँच राखीव ठेवावीच लागेल. दुसरे, विजेऱ्यांचा संच काही वर्षांनी बदलावा लागतो आणि तो महाग असतो. उद्घाटनाच्या दिवशी त्याची तरतूद झाली नाही, तर पुढे ती नौका कोठल्या तरी काठावर गवतात पडलेली दिसेल. सरकारी आवारांत अशी गवतातली यंत्रे आपण कमी पाहिलेली नाहीत. तिसरी गोष्ट धक्क्याची. कोचीच्या पाण्याची पातळी अशी उतरत नाही. येथे पाण्याबरोबर खाली-वर होणारा तरंगता धक्का हवा, त्याला काठापासून जोडणारा हलवता येणारा पायपूल हवा आणि महिन्यागणिक तो पुढे सरकवणारी माणसे हवीत. आम्हांस विचाराल तर नव्या नौकेच्याही आधी पैसा या धक्क्यावर घालावा. चिखलातून झोळी वाहून नेणाऱ्यांना लाँच कोणत्या इंधनावर चालते, याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.

एक आक्षेप हमखास येईल: आता पूल होत आहेत, मग लाँची कशाला? तापोळा-आहीर पुलाचे काम हाती घेण्यात आले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. जेथे पूल होऊ शकतो तेथे तो अवश्य व्हावा. पण 50 किलोमीटर लांबीच्या आणि असंख्य फाटे फुटलेल्या जलाशयावर किती पूल बांधणार? अभयारण्याच्या आतील वाड्यांना पूल मिळणे तर दुरापास्तच. 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून तेथे साधी पायवाट रुंद करायची म्हटली तरी परवानग्यांचे डोंगर ओलांडावे लागतात. दुसरा आक्षेप याहून रोखठोक असतो: या लोकांनी तेथे राहावेच कशाला, बाहेर का येत नाहीत? ज्यांना यायचे आहे त्यांना सन्मानाने जमीन देऊन आणावे. परंतु बाहेर आलेल्यांपैकी कित्येकांच्या नशिबी काय आले, हे पलीकडे राहिलेल्यांनी पाहिले आहे. ते हलत नाहीत, याला अडाणीपणा म्हणण्याआधी त्यांच्या भावकीतल्या विस्थापितांचे सात-बारे पाहावेत. आणि जोवर एक जरी कुटुंब तेथे कायद्याने राहत आहे, तोवर त्याला इकडे येण्याची वाट देणे हे राज्याचे काम आहे.

नाव नीट नसली की काय होते, हे आम्ही सांगली जिल्ह्याच्या लोकांनी परक्याकडून ऐकण्याची गरज नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विनपाशी पाणी 57 फुटांवर गेले होते. त्याच दिवसांत, 8 ऑगस्टला, कृष्णा-येरळेच्या संगमावरील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि 17 जणांचे प्राण गेले. त्यांत बाया होत्या, मुले होती. बोट भरून वाहत होती. मागे आणखी माणसे काठावर उभी होती. त्या क्षणी कोणी नियम सांगितला असता तरी कोणी ऐकला नसता, हेही कबूल केले पाहिजे. पण त्या घटनेचा एक अर्थ आम्हांस नंतर उमगला. पूल झाले, नदीवरच्या रोजच्या नावा गेल्या आणि त्यांच्याबरोबर पाणी वाचणारी, वजन तोलणारी, ‘आता एकही माणूस चढायचा नाही’ असे ठणकावून सांगणारी माणसेही गेली. कपाटात ठेवलेली बोट पुराच्या दिवशी काढून चालत नाही. ती रोज चालवणारा हात लागतो. शिवसागरात असे हात अजून आहेत. त्यांना कायमची नोकरी, शिक्षण व अधिकार दिला, तर ते आपल्या उतारूंना तर सांभाळतीलच. पण उद्या कृष्णेला पूर आला तर सांगली-मिरजेच्याही उपयोगी पडतील. जीवरक्षक जाकीट, लाँचीच्या अंगावर रंगवलेली भाराची रेषा आणि दरसाल होणारी तपासणी, या गोष्टी 2021 च्या अंतर्देशीय नौका कायद्याच्या काळात कृपा म्हणून मागाव्या लागू नयेत.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो आम्ही टाळणार नाही. बच्छावत लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास वर्षाला 67.5 अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. चांगल्या पावसाच्या वर्षी या प्रकल्पातून 200 कोटींहून अधिक युनिट वीज निर्माण होते. युनिटमागे एक पैसा, फक्त एक पैसा, पलीकडच्या गावांच्या लाँचीसाठी बाजूला काढला, तर वर्षाला 2 कोटी रुपये होतात. पूर्वेकडे येणाऱ्या पाण्यावर, म्हणजे आमच्या-तुमच्या उसावर, कारखान्यांवर आणि नळांवर, तसाच नाममात्र भार बसवला तर त्यात भर पडेल. हा कर नव्हे, दानही नव्हे. जुन्या गावगाड्यातला खळ्यावरचा तो धान्याचा वाटाच आहे. फरक इतकाच की येथे खळे वीजगृहात आणि उसाच्या फडात आहे. सातारा जिल्हा परिषदेने लाँचसेवेचा जमाखर्च प्रसिद्ध करावा: किती लाँची चालू आहेत, किती उभ्या, किती फेऱ्या ठरल्या व किती झाल्या, डिझेलवर किती गेले. मग 2 कोटींत काय होऊ शकते, हे शाळेतला मुलगाही मांडून दाखवील. आणि सांगली जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी, हा साताऱ्याचा प्रश्न आहे असे न म्हणता, तो विधिमंडळात मांडावा. कोयनेतून किती पाणी सोडायचे, यासाठी हेच प्रतिनिधी दर उन्हाळ्यात मुंबईला खेटे घालतात. त्याच फेरीत हा कागदही बरोबर नेता येईल.

वेळ फार नाही. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. पावसाने अद्याप जोर धरलेला नसतो, जलाशय वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीवर असतो आणि काठापासून पाण्यापर्यंतचा चिखल सर्वांत रुंद. त्या पहिल्या दिवशी सकाळी नेमाची लाँच पाण्याच्या कडेला उभी असेल, चालक जागेवर असेल आणि धक्का पाण्यापर्यंत पोचलेला असेल, याची हमी सातारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आजच लेखी द्यावी, अशी आमची मागणी आहे.